पंख्याचं आलं

२७ ऑक्टोबर, सोमवार
हिवाळी वेळापत्रक लागलं. हैदराबादच्या मार्गावर शनिवारपासून मोठं जेट. इतके दिवस पंख्याचंच विमान येत होतं. स्टेशन मॅनेजर मगदूम साहेबांनी आम्हा लोडरना उभं करून नव्या विमानाची सामानाची दारं चित्रावर दाखवली. मोठं का दिलं, विचारलं. म्हणाले, "दिवाळी करून परतणारी गर्दी. माणसं भरतात तिथं मोठं, ओसरली की लहान. कंपनीला गावाची माया नसते."
घरी आईला सांगितलं. डोळ्यांनी आता अंधूकच दिसतं तिला. पण आमचं घर विमानाच्या उतरायच्या वाटेखाली, आवाजावरून कुठलं ते ओळखते. "येऊ दे की. म्हस बिचकायची तेवढी."

२ नोव्हें., रविवार
जोतिबाला जाऊन आलो. शर्टाचा गुलाल निघत नाही.
दुपारी सर्जाचा मस्कतहून फोन. "दादा, मस्कत-कोल्हापूर सरळ इमान कवा लावताय?" म्हटलं, रोज तेवढी माणसं कुठली आणायची? "मी एकटा येतो की. समद्या सीटांवर आडवा पडून." हसला. मग खोकला बराच वेळ. धाकटा असून माझ्यापेक्षा थकलेला वाटला आवाज. विचारायचं राहिलं.

४ नोव्हें., मंगळवार
सर्जा गेला. झोपेतच. त्याच्या खोलीतल्या केरळच्या माणसानं त्याच्या बायकोला, सुनंदाला फोन करून सांगितलं. तिला हिंदी नीट येत नाही, दोनदा विचारलं म्हणे, कोण गेलं, कोण गेलं.


५ नोव्हें.
भावकी बसली. लांब गेलेल्याचं आमच्यात आईबापांना लगेच सांगत नाहीत. मयताची पेटी शेवटच्या टप्प्याला निघाली की सांगायचं, म्हणजे रडणं आणि माती एकाच दिवसात उरकतं. थोरले चुलते तात्या म्हणाले, "म्हातारीला झुरवत ठेवायची न्हाई." म्हणजे तोवर सुनंदानं कुंकू लावून घरात वावरायचं.
आज त्रिपुरी. आईनं सुनंदाच्याच हातानं तुळशीपाशी पणत्या लावून घेतल्या. "सर्जाच्या नावाची मोठी वात लाव गं," म्हणाली. तिनं लावली.
मी देवापुढं बसलो, पण मागायचं काय ते सुचेना.

९ नोव्हें., रवि.
कागदपत्रं होत आली. सर्जाच्या कंपनीतल्या माणसानं विचारलं, पेटी मुंबईला उतरवायची का हैदराबादला? तात्या म्हणाले मुंबई, तिथनं गाडीनं रातोरात घरात. मी म्हटलं हैदराबाद. तिथून आपलं मोठं जेट आहे, त्याच्या पोटात पेटी बसते. पंख्याच्या विमानात पेटी घेत नाहीत. सामानाचं दार अरुंद, आत वळत नाही. आता मोठं आहे तर इथंच येऊ दे. मी स्वतः उतरवून घेईन.
परक्या हातांनी त्याला उतरवू नये, एवढंच मनात होतं. सगळ्यांनी माझं ऐकलं. विमानतळावरचा म्हणून.

१२ नोव्हें.
पेटी आज मस्कतहून निघते. उद्या सकाळी हैदराबाद, दुपारी इथं. आई विचारत होती, सर्जाचा फोन कसा नाही. म्हटलं, रेंज नाही तिकडं. खोटं किती सहज निघतं तोंडातून.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी म. साहेबांना विचारून घेतलं. मोठंच ना? "बोर्डावर तरी मोठंच आहे." मग घरी येऊन आईच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. तिनं माझा हात चाचपून धरला. मग म्हणाली, "कवा?"
"दुपारच्या विमानानं."
"यायचं न्हाई रं. जायाचं इचारतीया."
त्रिपुरीच्या आदल्या दिवशी, म्हटलं. तिनं सुनंदाच्या बाजूला तोंड फिरवलं. "आन् माझ्याम्होरं पणत्या लावल्यास व्हय गं." मग दोघी रडल्या.
देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, माती चारला. कबनूरचे, गारगोटीचे पैपाहुणे आले. अंगण भरलं.
मी जॅकेट घालून विमान थांबतं तिथं. साहेबांनी आज सुट्टी घे म्हटलेलं, घेतली नव्हती. पेटी घ्यायला चौघं लोडर शेजारी उभे.
दिसायच्या आधी ऐकू आलं. ती घरघर मी झोपेतसुद्धा ओळखीन. चौघांपैकी कुणी माझ्याकडं बघेना. वळून समोर आलं, दोन्ही पंखे फिरत होते.
दार उघडलं, पिशव्या उतरवल्या. कामच ते. एका बाईची पिशवी हातातून पडली, ती ओरडली. माफी मागितली.
म. साहेब पळत आले. गर्दी ओसरली म्हणून आजचं मोठं दुसऱ्या मार्गावर टाकलं. कळल्या कळल्या फोन केलेला, पण विमानापाशी फोन नेता येत नाही, तो कपाटात वाजत होता. "पेटी तिथं थंड जागेत ठेवलीय. उद्या मोठंच येतंय. एक दिवस कळ काढा."
घरी जाताना काय सांगायचं ते जुळवत होतो. गरज पडली नाही. विमान डोक्यावरून गेलं तशी आई रडायची थांबली म्हणे. म्हणाली, "पंख्याचं आलं. ह्यात न्हाई त्यो." कुणाला पटलं नाही. तिरडी बांधून तशीच ठेवलेली.
आईनं मला जवळ घेऊन विचारलं, "मग कुठं हाय?"
"हैदराबादला."
"तितं त्याचं कोण हाय?"
तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता इमान न्हाई. गाडी काढा." सुनंदा आणि तिचा भाऊ संध्याकाळीच जीपनं हैदराबादला निघाले. पेटी सोडवून तिथनंच ॲम्ब्युलन्स करायची. मला उद्याचं मोठं विमान दिसत होतं, पण तोंड उघडलं नाही. कुठल्या तोंडानं?

१४ नोव्हें., शुक्र.
सुनंदाचा फोन. पेटी ताब्यात मिळाली, गाडी निघाली. "दादा, लई हलकी वाटती वो पेटी," म्हणाली. 
घरात चूल बंद. साहेबांच्याच भावकीतल्या शेजारच्या मगदुमांनी भाकरी-पिठलं आणून दिलं. निम्मे पाहुणे परत गेले. आईच्या पोटात कालपासून पाणी नाही. म्हणते, त्याचं तोंड बघितल्यावर.
सुतक म्हणून कामावर गेलो नाही. पारायणाचं पुस्तक सुतकात हातात धरता येत नाही. नुसताच बसलो.
दुपारी आवाज आला. मी मान खाली घातली. जेट होतं. मोठं. उशीर न करता, ठरल्या वेळेला आलं. त्याचं पोट आज रिकामं असेल, किंवा कुणाच्या तरी पेरूच्या पेट्या असतील.
आई चौकटीला धरून उभी राहिली. रस्त्यानं येतोय म्हणून तिला काल सांगितलं होतं, सकाळीही सांगितलं होतं. तरी म्हणाली, "मोठं आलं. उठा गं, पाणी तापवा. त्याला गरम लागतंय."
बायका माझ्याकडं बघायला लागल्या. तात्यासुद्धा.
गाडीला अजून सोलापूरही लागलेलं नाही.
मी उठून अंगणात तीन दगड मांडले, हंडा भरून ठेवला. तिथंच बसून हे लिहितोय. जाळ लावलाय, बारीक.