लेकीच्या कोडला माझा हं

४ मार्च
थोरली प्रिंटरच्या कंपनीत लागली आहे. काँप्युटरचा हुकूम प्रिंटरला पोचवणारा जो प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. मध्येच कागद संपला की त्याच्यापायी काँप्युटर गोठायचा. तो ड्रायव्हर तिने दुरुस्त केला. ऑफिसात द्यायच्या आधी त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी, मला वाचून दाखवणार म्हणाली. याला रिव्ह्यू म्हणतात. जिथे कळणार नाही तिथे थांबव, चूक तिथेच लपलेली असते, असं बजावलं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्कल काही शाळेत वाटत नाहीत.

५ मार्च, सकाळी
रिव्ह्यू केला. काम सुरू करताना ड्रायव्हर आतून कडी लावतो, म्हणजे दुसरं काम मध्ये घुसत नाही. काम झालं की कडी काढतो. इथवर चोख. मग कागद संपला तर काय, ते सुरू झालं आणि माझा धागा सुटला. हं म्हटलं. पुढेही हं. तोडलं असतं तर पोरीचा हिरमोड झाला असता. शिवाय कपडे वाळत घालायचे होते.
शेवटी तिने विचारलं, कुठे अडलीस का? म्हटलं, आरशासारखं स्वच्छ आहे, दे बिनधास्त.

६ मार्च
शेजारणीला सांगितलं, लेकीच्या ऑफिसात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही. तिने विचारलं, पगार किती देतात? काही बायकांना कौतुक म्हणून करता येत नाही.

९ मार्च
दुरुस्ती सगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते याच कामावर ठरणार. मी तपासलंय म्हटल्यावर काळजी नाही. तरी घास घशाखाली उतरेना. पित्त असेल.

११ मार्च
पित्त नव्हतं. कागद संपला की ड्रायव्हर मागे फिरतो, पण कडी काढायची विसरतो. नवा कागद घातला तरी बाकीची कामं बाहेर ताटकळत. साहेबाने थोरलीला सगळ्यांदेखत झापलं. घरी येऊन तिने एवढं सांगितलं. माझं नावही घेतलं नाही. घेतलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

१२ मार्च
आज सांगून टाकणार होते. तिचं डोकं दुखत होतं. उद्या.

१३ मार्च
तिचं थांबलं, माझं दुखायला लागलं. ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, जन्मभर कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाहीस, आणि गप्प बसलीस ती नेमकी तेव्हाच? या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

१६ मार्च
कायम केलं नाही. आणखी सहा महिने बघू म्हणाले. मग मात्र सांगितलं. कागद संपला तिथून पुढचं मला ओ की ठो कळलं नव्हतं, हं उगाच म्हणत होते. थोरली म्हणाली, मलाही तिथेच खटकलं होतं गं. थांबणार होते, तेवढ्यात तुझं हं आलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
आजपासून एक शब्द कळला नाही तरी टोकायचं.

२० मार्च
नवी दुरुस्ती आली. टोकलं. पहिल्या ओळीला, दुसऱ्या ओळीला, तिसरीत तिने श्वास घेतला तिथेही. लॅपटॉप मिटून म्हणाली, आई, तू आज दमली असशील. मी मुळीच दमले नव्हते.

२३ मार्च
हल्ली ती खोलीत उशीला वाचून दाखवते. उशी हं म्हणत नाही. दोन चुका सापडल्या म्हणे.
उशीचा अभ्रा बदलून ठेवला.