काठोकाठ पियाला

सूनबाई ओयदिन हिस,

तू माहेरी गेलीस त्याला महिना झाला. त्या दिवशी तू माझा पियाला काठोकाठ भरलास. आपल्यात काठोकाठ चहा म्हणजे ‘प्या आणि निघा’. मी पियाला भिंतीवर फोडला.

“माझ्याच घरातून मला हाकलतेस?”

“बाबा, सकाळपासून ओरडताय, हात थरथरला हो!”

मला ते खोटंच वाटलं.

आता रागासाठी दवाखान्यात जातो. डॉक्टरीणबाई विचारतात, “आजोबा, रागाच्या आधी काय वाटतं?” काल सांगितलं, भीती वाटते. नकोसा झाल्याची.

आज स्वतःच चहा ओतला. हात थरथरला, पियाला काठोकाठ भरला.

पत्र टाकवत नाही. ‘येणार नाही’ असं तू कळवलंस, तर मी काय फोडीन, सांगता येत नाही.

तुझा सासरा,
तोशमत