झाडूचे दोन दांडे

पप्पा, आपलं जेवणाचं टेबल उद्या दूर टूवूंबा गावाला चाललंय, आणि त्याच्या मागोमाग मीही. तिथल्या शाळेत मला नोकरी लागली. आपल्या घरात डिग्री घेतलेली मी पहिली, त्यामुळे पॅरामॅटातल्या सगळ्या शेजाऱ्यांना आईनं सांगून झालंय. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं.

कौन्सिल क्लीनअपच्या आठवड्यात, लोकांनी रस्त्याकडेला टाकलेल्या सामानातून तुम्ही ते टेबल उचलून आणलंत, तेव्हा मी प्रायमरीत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या किचनमध्ये कपाटं बसवून तुम्ही दमलेले, तरी गॅरेजमध्ये उकिडवे बसून टेबलाखाली कड्या बसवताय आणि त्यांतून झाडूचे दोन लांब दांडे ओवताय. आई दारातून विचारते, "हे काय, पालखी करताय?" तुम्ही म्हणता, "देवानं मोशेला सांगितलं तसं करतोय. निवासमंडप म्हणजे देवाचा तंबू, त्याचं सगळं सामान वाळवंटातून उचलून न्यायचं होतं. आपल्यासारखीच माणसं होती ती, आज इथे तर उद्या तिथे." आणि खरंच, भाड्याचं घर बदललं की तुम्ही पुढे, आई मागे, मधे तरंगत जाणारं टेबल.

शुक्रवारी संध्याकाळी आई तेलाचा दिवा लावायची, मनुकांचं सरबत पेल्यांत ओतायची आणि तुमची निवासमंडपाची गोष्ट सुरू व्हायची. सोन्याचा दीपवृक्ष एकाच गोळ्यातून घडवलेला. "सात दिवे आणि एकही सांधा नाही! आमच्या बॉसला दाखवायला पाहिजे." मग टेबलावरच्या भाकरी. मी विचारलं होतं, "देवाला भूक लागते?" तुम्ही म्हणालात, "त्याला कशाला लागेल! पण त्याच्या घरातलं टेबल कधी रिकामं दिसू नये." आणि शेवटी अंतरपटामागचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, त्याच्यावर पंख पसरून समोरासमोर दोन करूब, सोन्याचे देवदूत, आणि त्यांच्या मधे काहीच नाही. मूर्ती नाही, आसन नाही. "ती मोकळी जागा, तीच त्याची," एवढंच तुम्ही म्हणायचात. त्या कोशाचे दांडे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत, थांबला तरी तो निघायच्या तयारीत, असं तुम्ही सांगायचात. म्हणून आपल्याही टेबलाचे दांडे तसेच राहिले आणि येईल त्या पाहुण्याच्या गुडघ्याला लागत राहिले.

तुम्ही गेल्यावर आई आणि मी टेबलाशी समोरासमोर बसायला लागलो. मधली तुमची जागा तशीच ठेवली.

पुढे युनिव्हर्सिटीत मी धर्मग्रंथातला तो सगळा भाग नीट वाचला. निवासमंडपातल्या टेबलालाही दांडे होते, पण ते काढायचे नाहीत हा हुकूम फक्त कोशाला होता. तुम्ही दोन्ही वस्तू एक करून टाकल्या होत्यात. लायब्ररीत मला हसू आलं, आणि तुम्हाला चिडवायला तुम्ही नव्हतात.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी नकार कळवायचं ठरवलं होतं. टूवूंबात आपल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी कुणी ओळखीचं नाही, सिनेगॉग नाही, आणि आई इथे एकटी. शुक्रवारी जेवताना मी तिला तसं सांगितलं. तिनं पोळीचा तुकडा तसाच हातात धरला.

"माझ्यामुळे नको म्हणतेस?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. इतकी वर्षं त्या माणसानं माझे गुडघे फोडले, ते कशासाठी? टेबल घेऊन जा."

"आणि तू कशावर जेवशील?"

"किचनच्या बेंचटॉपवर. उभ्यानं. टेबल तिथे असलं तर मला यायला कारण राहील. फक्त गाडी शिकून घे नीट, तिथे बसबिस नसतात म्हणे."

रात्री भांडी घासताना ती रडली, मला पाठ करून. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होकार कळवला.

आज आम्ही दोघींनी टेबल गॅरेजमध्ये आणून ठेवलं. मी पुढे, आई मागे. दारात ती अडखळली आणि वैतागून म्हणाली, "अगं, आता तरी काढायचे का हे दांडे? व्हॅनवाला हसेल."

मला खरं ठाऊक होतं, पप्पा. काढले तर चालतात. मी म्हटलं, "काढायचे नसतात, आई." तिनं मान हलवली आणि दांडे पुन्हा घट्ट धरले.