दुमडलेली ओळ

वाडी, नागपूर
रविवार, दुपार

प्रिय धनश्री,

तुझ्या हाताची पट्टी परवा सुटली, हे तुझ्या आईकडून कळलं. बोटं मिटता येतात का, एवढंच विचारायला मी चार वेळा फोन उचलला आणि चारही वेळा ठेवून दिला. फोनवर तू लगेच ‘जाऊ दे वं ताई’ म्हणतेस आणि मी खरोखर जाऊ देते, ही माझी खोड तुलाही ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला. उमरेडला माहेरी पडून आहेस, तर हे शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवू नकोस.

जूनमध्ये माझी गर्भपिशवी काढली तेव्हा तू तीन दिवस दवाखान्यात माझ्याजवळ होतीस. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, झाली एकदाची सुटका, आता घरी आराम करा. तू तिला सांगितलंस, आमची ताई विजेच्या खांबावरच आराम करते. टाके दुखेपर्यंत हसले होते मी. पण घरी आल्यावर वेगळीच धास्ती लागली. साहेब भेटायला आले ते सफरचंदं आणि एक बातमी घेऊन: ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायचं टेबल रिकामं झालंय, तुमच्यासाठी ठेवतो. भला माणूस, चांगल्या मनानंच बोलला. पण टेबलावर बसलेली एक तरी बाई परत खांबावर गेलेली तू पाहिलीस का? मी नाही पाहिली. नऊ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा चढले, तेव्हा इथले ट्रकवाले गाड्या थांबवून बघत होते, बाई पडते कशी ते. मी पडले नाही. तो खांब मला कुणाच्या दयेनं मिळाला नव्हता आणि कुणाच्या दयेपायी मी तो सोडणार नव्हते.

सातव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली. पहिली ओळ, कामावर जायला हरकत नाही. दुसरी ओळ, तीन महिने उंचीवर चढू नये, वजन उचलू नये. खाली सही-शिक्का. झेरॉक्सच्या दुकानात मी ती मधली ओळ दुमडली. दुकानदारानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ऑफिसात ती झेरॉक्स दिली आणि तुला सांगितलं, डॉक्टरांनी सगळं मोकळं केलंय. तू पेढे मागितलेस. मी दिले.

तो गुरुवार तुला आठवतो, पण तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूचा ऐक. तुला ठाऊक असलेलंही लिहिणार आहे, कारण आज मला एकेक पायरी मोजूनच उतरायचं आहे. गोदामांच्या लाइनीवरचा जळालेला जोड बदलायचा होता. सबस्टेशनमधून तिथले ऑपरेटर नत्थूजी यांनी लाइन बंद केली. परमिट माझ्या नावावर होतं. म्हणजे काम संपलं, सगळी माणसं खाली आली, असं मी कळवून परमिटचा नंबर परत दिल्याशिवाय ते लाइन चालू करणार नाहीत. पोटपट्टा बांधला, त्यावर सेफ्टी बेल्ट कसला. हा बेल्ट नेमका टाक्यांवर बसतो, हे मला वर गेल्यावर कळलं. मागे रेलले आणि पोटात अशी कळ आली की पाय माझे राहिलेच नाहीत. ना वर जाता येत होतं, ना खाली. तू आरडाओरडा केला नाहीस. खालून हळूच विचारलंस, “ताई, तुये पाय काहून कापून राहिले वं?” मी म्हणाले, ऊन लागलं.

तू शिडीनं वर आलीस आणि माझी एकेक टाच धरून मला खाली उतरवलंस. गाडीच्या सावलीत बसवलंस, पाणी दिलंस आणि उरलेलं काम करायला स्वतः चढलीस. त्याआधी, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून अर्थिंगची साखळी लाइनीला लावलीस. मी न लावताच गेले होते. नत्थूजींनी बंद केली म्हणजे बंद, असं म्हणत त्या साखळीवरून मी तुला किती चिडवलं आहे.

पंधरा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी पोट धरून, डोळे मिटून बसले होते. नत्थूजी होते. नऊ वर्षं ते एकच प्रश्न विचारत आले आहेत, तोच त्यांनी विचारला. “उतरली का वं, बाई?” आणि मी खाली होते, धनश्री. या नऊ वर्षांत वर नेहमी मीच असायचे. मी म्हणाले, “उतरली जी.”

पुढचं तुझ्या हातावर लिहिलेलं आहे. साखळी होती म्हणून लाइन त्या क्षणी बंद पडली, नाहीतर हे पत्र मी कुणाला लिहिलं असतं?

चौकशीत मला विचारलं, परमिट परत केलं होतं का. मी नाही म्हणाले. नंबर मी दिला नव्हता, हे खरंच होतं. त्या खऱ्याच्या आडोशाला मी तीन आठवडे बसले आहे. नत्थूजींनी नंबर न घेता लाइन चालू केली, ही त्यांची चूक, पण ती माझ्या शब्दावर विसंबून झालेली. आज ते निलंबित आहेत आणि निवृत्तीला अकरा महिने उरलेत. ते तुला बघायला दवाखान्यात आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले.

काल ते घरी आले, अंगणातल्या झाडाची पपई घेऊन. माझ्या टाक्यांची विचारपूस केली, तुझ्या हाताची केली. फोनवर मी काय बोलले होते, हे एकदाही काढलं नाही. चपला घालताना एवढंच म्हणाले, “मीच चुकलो असन वं, बाई. उमर झाली आता.” पपई तशीच ओट्यावर आहे. मला ती कापवत नाही.

उद्या सकाळी सदर भागातल्या मोठ्या ऑफिसात जाऊन मी लेखी जबाब देणार आहे. सोबत डॉक्टरबाईंची मूळ चिठ्ठी देणार, दोन्ही ओळींची. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. खांब तर गेलाच. त्याचं मला फार वाईट वाटतं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. पण तुला हे आधी माझ्याकडून कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. या वेळी ‘जाऊ दे’ म्हणू नकोस. माझ्यावर रागव, बोलणं टाक, पण नत्थूजींना एक फोन कर. आणि हात बरा होऊन तू परत चढशील, तेव्हा परमिट ज्याच्या नावावर असेल त्याला बजावून ठेव. ‘उतरलीस का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायच्या आधी मान वर करून बघायचं, वर कोण आहे. मी त्या दिवशी डोळे मिटून उत्तर दिलं. उघडले असते, तर तू दिसली असतीस.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
सत्यवतीताई