मुलीबद्दल अभिनंदन

हिल्व्हर्सम, ९ सप्टेंबर १९९६

ती. वेसेलमामांस,
शि. सा. न. वि. वि.

विशेष या खेपेला खरंच आहे. मला काम मिळालं, ‘बांधाआडचं घर’मध्ये. हो, तीच मालिका, जी पाहायला बुद्धी लागत नाही, फक्त खुर्ची लागते असं तुम्ही म्हणता. सोमवारी आणि गुरुवारी, रात्री साडेआठला. जहाजांच्या कारखान्याची मालकीण अगाथा हिनं कोवळ्या वयात आपली मुलगी दुसऱ्यांच्या ओटीत घातली होती. ती हरवलेली लिसान एका संध्याकाळी तिच्या दारात येऊन उभी राहते. ती लिसान मी.

खरी गंमत पुढेच आहे. लिसान ही खरी मुलगी आहे की कारखान्यावर डोळा ठेवून आलेली तोतया, हे मला ठाऊक नाही. दिग्दर्शकालाही नाही, आणि लेखकांनाही नाही. दोन्ही शेवट लिहून तयार आहेत. लोकांचा कल बघून नाताळाच्या सुमारास त्यातला एक दाखवतील. खरी ठरले तर पुढची काही वर्षं पोटाची काळजी मिटली. तोतया ठरले तर मला अटक, आणि मग मी बालनाट्यात पुन्हा बदक व्हायला मोकळी.

आईला फोन केला, तो मात्र फसला. पहिल्याच भागात लिसान म्हणते की मला या जगात कुणी नाही. हे कळल्यावर आई म्हणाली की मग महिन्याकाठी मळके कपडे माक्कमला घेऊन कोण येतं ते एकदा त्या अगाथेला विचार. आपण ही मालिका पाहणार नाही, असंही तिनं सांगून टाकलं. काम राहो न राहो, मामा, पण तिनं एकदा तरी पाहावं. तुम्हीच तिला काही सांगा.

लोभ आहे तेवढा पुरतो, तरी थोडा वाढवावा.
तुमची भाची, हिस्के


लायडन, १४ सप्टेंबर १९९६

चि. हिस्के हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझी ही लिसान मला चांगली परिचयाची आहे. आमच्या संस्कृत पोथ्यांत अशी मंडळी नेहमी भेटतात. दोनशे वर्षे कुणाच्या गावीही नसलेला श्लोक अचानक एका प्रतीत उभा राहतो आणि म्हणतो, मी मूळचाच. त्याला आम्ही प्रक्षेप म्हणतो व कंसात घालतो. परंतु माझा अनुभव असा, की प्रक्षेप गोड असला म्हणजे लोक नेमका तोच पाठ करतात आणि कंस फक्त पंडितांना दिसत राहतो. तेव्हा तू कंसाला भिऊ नकोस.

एक कुतूहल आहे. त्या दारात उभी राहतेस तेव्हा मनाशी काय धरतेस, आपण खऱ्या की खोट्या? हा भोचकपणा नव्हे, संशोधन आहे. दोहोंत फरक फक्त तळटिपांचा.

तुझ्या आईची समजूत घालण्याचे काम मी जन्मभर टाळत आलो आहे. पण तिच्या रागाचे मूळ मला दिसते. गेल्या जानेवारीत तुझ्या वाढदिवसाला मी त्या गोल मांडलेल्या खुर्च्यांत शिरलो, तेव्हा आळीतल्या प्रत्येकीने आपल्या रीतीप्रमाणे माझा हात धरून भाचीबद्दल अभिनंदन केले. कॉफी हाती येईपर्यंत माझा खांदा दुखू लागला. तुझ्या आईचे मुलीबद्दल अभिनंदन चालले होते, आणि ती तू आत्ताच जन्मल्यासारखी तोऱ्यात आभार मानत होती. तू स्वयंपाकघरात कॉफी गाळत होतीस. आपल्याकडे वाढदिवस कुणाचा असतो हे त्यावरून ओळखावे. आता तो तोरा दुसरीला द्यावा लागेल, अशी तिला धास्ती आहे.

स्नेह जपून वापर, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल.
वेसेलमामा


माक्कम, १३ ऑक्टोबर १९९६

चि. वेसेल यास आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. बटाटे काढून झाले. तुझं पत्र वाचलं, त्यातला उपदेश तुझा तू ठेव.

मी ती मालिका पाहत नाही हे तुला ठाऊक आहेच. शेजारची बाउक्ये पाहते आणि येऊन सांगते. ती म्हणते की गुरुवारी हिस्के बांधावर बिनमफलरची उभी होती, आणि वारा समुद्राकडचा होता हे केसांवरून दिसतच होतं. तिला म्हणावं गळा सांभाळ. आणखी, त्या अगाथेच्या घरी बिस्किटांचा डबा टेबलावर उघडा पडलेला असतो, येणारा जाणारा हवी तेवढी उचलतो. आपण प्रत्येकाला एकेक देतो आणि झाकण लावतो. अशा घरातली ती मुलगी नव्हे, हे आंधळ्यालाही दिसेल.

बेकरीवाला पाव बांधता बांधता विचारतो की बाई, पोरगी तुमची की अगाथेची. मी म्हटलं, पावाचे पैसे मी देते ना, मग माझी.

ती खरी आहे की खोटी, तुला काही बोलली का? मला काय करायचंय. बाउक्येला झोप लागत नाही म्हणून विचारलं.

रेन्स्के


लायडन, १९ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

मफलरचा निरोप धाडला आहे, कुणाचा ते न सांगता. खरे-खोटे मलाही माहीत नाही. माझ्या घरमालकीणबाई तिला खरी मानतात, खालचा सायकलवाला तोतया मानतो, आणि या प्रश्नावरून त्याने बाईंच्या सायकलची घंटा आठवडाभर दुरुस्त केलेली नाही.

बाउक्येला माझा नमस्कार सांग. आपला टीव्ही बिघडला असून वसंत ऋतूपर्यंत नवा घेणार नाही, असे तिने मला ऑगस्टात कळवले होते. तो आपोआप बरा झालेला दिसतो. ऐकून समाधान वाटले.

धाकट्यावर राग नसावा. असलाच तर पोस्टाने यावा.
वेसेल


हिल्व्हर्सम, १७ नोव्हेंबर १९९६

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मफलर घालते आहे. निरोप कुणाचा ते सांगितलं नाहीत, म्हणून घरमालकीणबाईंचा समजून घालते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दारात उभी राहते ती खरी म्हणूनच. पण अगाथाचं काम करणाऱ्या हेडविगबाई माझ्याकडे अशा पाहतात, की दृश्य संपेपर्यंत माझाच माझ्यावरचा विश्वास उडतो. तीस वर्षं काम करताहेत. लिहून दिल्याशिवाय हूं म्हणत नाहीत. जेवताना वर्तमानपत्र उभं धरतात, मला पलीकडून फक्त त्यांची बोटं दिसतात. त्यांना मी आवडते की नाही, तेही ठाऊक नाही.

वरच्या मंडळींचा कल आता तोतयाकडे आहे. अटक पाहायला लोक जास्त बसतात म्हणे. म्हणजे नाताळात मी बदक.

गेल्या आठवड्यात लिसानच्या वाढदिवसाचं दृश्य झालं. घरात कुणाचा तिच्यावर विश्वास नाही, वकील बोलावलेला आहे, आणि अगाथा गोलात गप्प बसून असते, असं लिहिलेलं. पाहुणे म्हणून आसपासच्या गावांतली साधी माणसं आणली होती. आत या, बसा, आपसांत पुटपुटा, एवढंच त्यांना सांगितलं. कशी बसतात, केकचा तुकडा मांडीवर कसा तोलतात, काही शिकवावं लागलं नाही. मी खिडकीशी पाठमोरी. एका दमात झालं, दिग्दर्शक खूश. या गुरुवारी दिसेल.

आई यंदा जानेवारीत खुर्च्या मांडेल का हो? कुणाकडून कळलं तर कळवा.

आपली, तूर्त तरी खरी,
हिस्के


माक्कम, २२ नोव्हेंबर १९९६

चि. वेसेल यास आशीर्वाद.

काल रात्री पाहिलंस का? जांभळ्या स्वेटरची ती बाई उशिरा आली, रीतीप्रमाणे सगळ्यांना हात देत गोल फिरली, आणि अगाथासमोर येऊन म्हणाली की मुलीबद्दल अभिनंदन. अगाथानं तिचा हात धरला आणि आभार मानले. हळू, पण स्पष्ट.

घरात कुणी मुलगी मानायला तयार नाही, वकील कोपऱ्यात बसलाय, आणि ही बाई चारचौघांत अभिनंदन घेते. घेतलं म्हणजे घेतलं. ते काय उद्या परत करता येतं? तोतयाबद्दल अभिनंदन कुणी घेतं का? माझ्या मते निकाल लागला. बेकरीत सकाळपासून हेच चाललंय.

आणि बाउक्येला मध्ये ओढू नकोस. मीच पाहते. पहिल्या दिवसापासून पाहते, दार लावून.

एक सांग, तू शिकलेला आहेस. तिनं आभार मानले तेव्हा मला राग यायला हवा होता. तो आला नाही. पोरीला तिथं कुणीतरी आपलं म्हटलं, एवढंच मनात आलं, आणि मग भांडी घासायला उठले. असं का व्हावं?

रेन्स्के


हिल्व्हर्सम, ८ डिसेंबर १९९६

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र तुम्ही पाकिटात घालून पाठवलंत. चोरीच आहे ही, पण परत करणार नाही. मी सेटच्या जिन्यात बसून वाचलं आणि मेकअप दुसऱ्यांदा करून घ्यावा लागला.

इथं हाहाकार आहे. ते वाक्य संहितेत नव्हतंच. जांभळ्या स्वेटरची बाई बुसम गावची, ती घरी जे करते तेच तिनं इथं केलं. हेडविगबाईंच्या गळ्यापाशी माइक होता, त्यानं सगळं टिपलं. पण दिग्दर्शकानं ऐकलं नाही, आवाजवाल्यानं ऐकलं नाही, कापणाऱ्या-जोडणाऱ्यांनीही नाही. वाढदिवसाला ते शब्द आपल्या कानांना घड्याळाच्या टिकटिकीसारखे, कोण ऐकणार? ऐकलं ते घरी बसलेल्यांनी. पोती भरून पत्रं आली. निम्मी तर नुसती अभिनंदनाची कार्डं आहेत, अगाथाच्या नावानं, मुलीबद्दल. आता हिला अटक केली तर आमची कार्डं परत करा, असं एका आजीबाईंनी लिहिलंय. तोतयाचा शेवट फाडून टाकला. काल मी करारावर सही केली.

आभार सवयीनं मानले की मुद्दाम, असं निर्मात्यानं सर्वांसमोर हेडविगबाईंना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग मीच धीर करून त्यांना माझ्या वाढदिवसाला माक्कमला या म्हटलं. वाटलं, पानच उलटतील. तर गाडी कितीची, असं विचारलं.

आता मला झोप नाही. एका गोलात दोन आया. तुम्ही मध्ये बसा.

हिस्के


लायडन, १५ जानेवारी १९९७

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी येत नाही. काल कालव्याच्या बर्फावर एका विद्यार्थ्याला तोल कसा सांभाळावा ते दाखवत होतो. घोटा मोडला. विद्यार्थी सुखरूप आहे.

प्रक्षेप अखेर मुळात गेला, आणि तो नेण्याचे काम पंडितांनी नव्हे, बुसमच्या एका बाईने हात पुढे करून केले. आमच्या नाटकांत ओळख पटवायला निदान एक अंगठी तरी लागत असे.

शनिवारचे सविस्तर लिही. आधी कोण उठले, कोण कुठे बसले, कोण काय म्हणाले, काही गाळू नकोस. मी पाय उशीवर ठेवून नुसता उत्सुक बसलो आहे.

तुझा जायबंदी,
वेसेल


माक्कम, २० जानेवारी १९९७

चि. वेसेल यास आशीर्वाद.

पाय हलवू नकोस. तुला वयाची अक्कल नाही, ती घोट्याला तरी येऊ दे.

खुर्च्या मांडल्या होत्या. यंदा बाउक्येच्या घरूनही आणाव्या लागल्या, कारण न बोलावलेलेही आले. हिस्के स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती आणि दर मिनिटाला दारातून डोकावत होती. हेडविगबाई तीनच्या बसनं आल्या. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बुटक्या आहेत, कोट साधा. त्या दारात आल्या आणि अख्खी खोली गप्प झाली. बेकरीवाल्याचा काटा हवेत. सगळे माझ्याकडे बघतायत. त्या बाईही तिथंच उभ्या. कुणाला हात द्यावा आणि काय म्हणावं हे त्यांनाही कळेना, इतकी वर्षं रंगभूमीवर काढून.

मी काय करणार? आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवायची आपली रीत नाही. मी उठले, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं की मुलीबद्दल अभिनंदन.

तिनं हात सोडला नाही. म्हणाली की तुमचंही. मग मी आभार मानले, तिनं मानले, आणि एकदमच सगळे बोलायला लागले. स्वयंपाकघरात कपबशी फुटली. मी आत गेले नाही. पोरीनं रडून घ्यावं म्हटलं.

नंतर मी हेडविगबाईंना बाजूला घेऊन सरळ विचारलं की त्या दिवशी सवयीनं की मुद्दाम. तिनं कप बशीत ठेवला. मग म्हणाली की तीस वर्षं लोकांनी लिहिलेलंच बोलत आले, आणि घरी असं अभिनंदन कुणी केलेलं नाही, कारण मूलबाळच नव्हतं. तेव्हा त्या बाईनं हात पुढे केला, तर नाही म्हणवेना. मी पुढे काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

ती तुझ्या खुर्चीवर बसली. केकचा एकेक तुकडा दिला आणि झाकण लावलं. तिनं दुसरा मागितला नाही. टीव्हीवर काही का दाखवेनात, बाई चांगल्या घरची आहे.

सोमवारी आणि गुरुवारी साडेआठनंतर फोन करू नकोस, दुखलं तरी. मी कामात असते.

लोभाचं काय लिहायचं, तो आहेच.
रेन्स्के