चाळीस लाखांची चिठ्ठी

तिसगाव,
५ जानेवारी २०२६

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,

अ. आ. वि. वि. मोठ्या बहिनीनं आशीर्वादाशिवाय कागदाला पेन लावू नये म्हणून लिहिले, मनातून आलेले न्हाईत. स्नेहलच्या लग्नाची पत्रिका पोचली. सोनेरी कडा, आत गुलाबी कागद, लई भारी हाय. परवडतंय बाई तुमाला.

मी फोन उचलत न्हाई म्हणून तू माझ्या पार्थजवळ रडलीस म्हणं. फोनवर भांडताना मला रडू येतं आन भांडण वाया जातं, म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी पार्थ पुण्याहून आला हुता. मोबाईलवर हिशोब करून म्हणाला, आई, अमुक कंपनीचे वीस हजारांचे शेअर घेऊन बावीस वर्षं हात लावला नसता, तर आज चाळीस लाख झाले असते. मी इचारलं, कंची कंपनी? तर पंपाची! त्याच कंपनीच्या माणसानं साखर कारखान्यात तुझ्या रविराजरावांना फुकट छत्री आन कॅलेंडर दिलं हुतं, आन तेवढ्यावर पाघळून त्यांनी शेअर घेतले हुते. आपण दोघी तवा कोपरगावला कारखान्याच्या चाळीत शेजारी ऱ्हायचो. माणूस कागदं इकत घेतो म्हणून अख्खी चाळ हसली हुती. मी सगळ्यात जास्त.

आता तू हसत असशील.

पैसे कुठले ते इसरली असशील तर सांगते. चाळीतल्या वीस बायकांची भिशी, म्हैन्याला हजार. त्या म्हैन्याची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली हुती, ज्ञाना! तू डोळ्यात पानी आणून म्हणालीस, आक्का, तुझा नंबर मला दे, माझा तू घे. मी दिला. माझी पाळी आली तवा आमी चाळ सोडून तिसगावला आलो आन मी म्हैस घेतली. ती दुसऱ्याच वर्षी गाभडली, मग दाव्याला नुसती खात बसली, शेवटी इकली. आन तुझ्या हातात माझ्या चिठ्ठीचे चाळीस लाख झाले.

लई जळते मी. खोटं कशाला बोलू? भाकरी थापताना चाळीस लाख, धुणं धुताना चाळीस लाख. ह्यांचं म्हणनं, चिठ्ठी तुझ्याकडं राहिली असती तरी तू म्हैसच घेतली असती. खरं हाय. तरी जळते.

आपल्याला भाऊ न्हाई, म्हणून बोहल्यावर स्नेहलच्या मागं मामा म्हणून ह्यांनी उभं ऱ्हायचं ठरलं हुतं. ते आता धरू नका. चाळीस लाखवाल्यांनी मामा बी इकत आणावा. आमी दोघं लग्नाला येणार न्हाई.

लोभ असू दे असं खाली लिहायची रीत हाय, पन माझ्याकडं सध्या शिल्लक न्हाई.

तुझी आक्का,
रतन


कोपरगाव,
१० जानेवारी २०२६

ती. सौ. आक्कास,

ज्ञानाचा शि. सा. न. वि. वि. मनात नसलेले का होईना, तुझे आशीर्वाद मी ठेवून घेतले.

अगं वेडे, पार्थचा हिशोब अगदी बरोबर आहे. पण हात लावला नसता तर, असं त्यानंच म्हटलंय ना? आम्ही लावला की हात! तिसऱ्याच वर्षी विकून मोकळे झालो. विसाचे एकतीस हजार आले, तर ह्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. गल्लीभर पेढे वाटले आणि मोटारसायकल घेतली. आता ती मागच्या अंगणात गंजत पडलीय, कोंबड्या अंडी घालतात तिच्यावर. तू म्हशीपायी जळतेस, मी ह्या मोटारसायकलपायी जळते. ह्यांच्यापुढं त्या कंपनीचं नाव काढलं तर ताटावरून उठतात. म्हणून कधी कुणापाशी बोललो नाही. बोलून काय, लोकांना हसायला विषय.

पत्रिकेचं म्हणशील तर ती व्याह्यांच्या पसंतीची. आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून लग्न करतोय.

स्नेहलनं सांगितलंय, मामा म्हणून मच्छिंद्रदाजी मागं उभे राहिले नाहीत तर मी अंतरपाटासमोर जाणार नाही. आक्का, तू माझ्यावर जळ, शिव्या दे, पण पोरीला मामाविना उभी करू नकोस. तुझ्याशिवाय मला आहे कोण?

दाजींना नमस्कार. राग उतरला नसला तरी ये, इथं येऊन राग धर.

तुझीच,
ज्ञाना


तिसगाव,
१६ जानेवारी २०२६

चि. सौ. ज्ञानास,

अ. उ. आ. वि. वि. ह्या खेपेला मनापासून हायेत, मोजून घे.

तुझं पत्र वाचलं आन लई दिवसांनी पोटभर जेवले. सांगायला लाज वाटते, पन बहिनीपाशी काय लपवायचं? एकतीस हजार! आन वर पेढे! मी ह्यांना परत परत वाचून दाखवलं. कोंबड्यांचं आलं की मला हसू आवरंना. हे म्हणले, रतन, सख्ख्या बहिनीचं नुकसान झालंय, जरा तरी तोंड पाड.

मग हसून झाल्यावर तुझं वाईट वाटलं. आमची म्हैस गाभडली, ते नशीब. तुमच्या तर हातातला घास गेला! त्यात कर्ज काढून लग्न. माझी ज्ञाना बिचारी कशी ओढत असंल, म्हणून मी पदर तोंडाला लावून रडले.

आमी लग्नाच्या आठ दिवस आधी येतो. ह्यांनी मामाचा फेटा घेऊन ठेवलाय, गुलाबी. गहू, तूरडाळ आन तूप टेम्पोत घालून आणते, किराणा भरू नको. आन आईची बोरमाळ स्नेहलला घालते. सोनाराकडून उजळून आणलीय. पार्थच्या बायकोसाठी ठेवली हुती, पन त्याचं लग्न कवा व्हायचं ते होईल. पार्थनंच सांगितलं, मावशीला गरज हाय, दे. तुझ्याकडं चाळीस लाख असते ना, तर मी एक मणी सुदिक दिला नसता, हे बी सांगून ठेवते.

काळजी करू नको. मी हाय अजून.

तुझी,
आक्का


कोपरगाव,
५ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. कां. स्नेहलस,

अ. उ. आ. वि. वि. पप्पा उरलेल्या पत्रिका वाटायला नाशिकला येतायत, तुझ्या ऑफिसात येऊन हे पत्र देतील. फोन करायची सोय नाही. रतनमावशी कालच आलीय आणि माझ्या शेजारून हलत नाही, आणि तुझा आवाज मोबाईलमधून गल्लीपर्यंत जातो.

नीट वाच. मी मावशीला कळवलंय की पंपाचे शेअर आपण तिसऱ्याच वर्षी विकले आणि त्या पैशांत अंगणातली मोटारसायकल घेतली. शेअर जसेच्या तसे आहेत आणि मोटारसायकल पप्पांच्या पगारातली, हे तुला ठाऊक आहे. पतसंस्थेचं कर्जही खोटं. दुसरं काही सुचलं नाही गं. ती आली नसती तर दाजी आले नसते, आणि मी आयुष्यभर त्या मंडपाकडं बघू शकले नसते.

पप्पांचं आधीपासून म्हणणं होतं, की चिठ्ठी आक्कांची होती, लग्न उरकलं की निम्मे त्यांना देऊ. मीही हो म्हटलं होतं. आता द्यायचे कसे? द्यायचे तर खरं सांगायला हवं.

आणि खरं सांगायची मला इतकी इच्छा होते म्हणून सांगू! आल्यापासून जी बाई दारात येईल तिला मावशी सांगते, आमच्या ज्ञानानं चाळीस लाख घालवले, बिचारीला अक्कलच नव्हती. माझ्याच स्वयंपाकघरात माझी कीव! अंगाचा तिळपापड होतो माझा. काल पापड लाटताना तोंडाशी आलं होतं, की आक्का, आहेत माझे चाळीस लाख, बस जळत.

तेवढ्यात तिनं बोरमाळ काढून माझ्या गळ्याला लावून बघितली. आईनं ती आक्काला दिली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. शेअर एवढे वाढले, पप्पांनी दोनदा नवी बोरमाळ करतो म्हटलं, पण मला तीच हवी होती. मावशी म्हणाली, तुला काही उरलं नाही बाई, निदान पोरीला असू दे. मी ठेवून घेतली. ठेवून घेतली गं मी.

लग्नात ती घाल. मावशीच्या पाया पडताना तिच्या तोंडाकडं बघू नकोस, तुला हसू नाहीतर रडू येईल. पार्थनं विचारलं तर मोटारसायकल म्हणायचं. पप्पांना पढवून ठेवलंय. पुढच्या वर्षी गाडी घ्यायची म्हणत होते, त्यांनाही नाही म्हटलं. मावशीच्या डोळ्यांसमोर आपण आता कायमचे कर्जबाजारी आहोत. तशी वाग, बाळा.

तुझी,
आई