दहावा माणूस

२१ सप्टेंबर, रविवार

चहात आलं नाही. सलग बारावा दिवस! या अन्यायाची दाद कुठल्या दरबारात मागावी? मोनिकाला विचारलं. लेक म्हणाली, "बाबा, आईलाच विचारा ना." मोठंच धाडस सुचवलं! बायको, मोझेल, माझ्याशी बोलत नाही. निरोप तेवढे येतात, तेही लेकीकडून — "तुझ्या बाबांना सांग, सिलिंडरवाला येणारय."

२२ सप्टेंबर

गल्लीत घट बसले. संध्याकाळी आम्हा ज्यूंचं नवं वर्ष लागेल, मग दहा दिवसांनी उपास. त्याआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. माणसाचा अपराध देव परस्पर माफ करत नाही. तीनदा मागायची. तीनदा नकार आला तर आपण सुटलो. सोयीचा कायदा आहे.

लिहूनच टाकतो. नऊ तारखेला दादांच्या — मोझेलच्या वडलांच्या — सातव्या दिवसाची प्रार्थना होती. मेलेल्यासाठीची कद्दिश दहा पुरुषांशिवाय म्हणता येत नाही. या शहरात आम्ही जेमतेम सहा. चौघे पुण्याहून आले. आणि मी वैजापूरला, विनोदी लेखक म्हणून स्वतःच्या सत्काराला! म्हटलं, चारपर्यंत परत येतो. लोक हसत गेले, मी बोलत गेलो. खांद्यावर शाल घेऊन घरी पोचलो, तेव्हा पुणेकर बससाठी निघून गेले होते. नऊ माणसं दोन तास बसून होती. कद्दिश झाली नाही.

२५ सप्टेंबर

पहिल्यांदा मागितली. मोझेल मेथी निवडत होती. "हं."

२८ सप्टेंबर

दुसऱ्यांदा. सोबत थोडा विनोद केला. करायला नको होता.

२९ सप्टेंबर

तिसऱ्यांदा.

"झालं तीनदा? सुटलात," मोझेल म्हणाली. मग हातातली मेथीची जुडी खाली ठेवून, हळू — "माझी कसली मागता हो? मला सवय आहे तुमची. दादांची मागा."

मेलेल्याची माफी कबरीपाशी मागायची, दहा माणसांसमोर. हे मला माहीत होतं! म्हणूनच तर तिच्या मागं लागलो होतो. ती घरात होती, सोपी होती. वीस वर्षं लोकांचं ढोंग उघडं करून पोट भरलं — आणि हे!

३० सप्टेंबर

दिवसभर फोन. पुण्याचे एक काका म्हणाले, "येतो. तू असशील ना पण?"

१ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे साडेपाचलाच कबरस्तानात जाऊन बसलो. सातपर्यंत सगळे आले. दादांची माफी मागितली. कद्दिश म्हटली. नऊ जण 'आमेन' म्हणाले.

दहावा आवाज फाटकापाशी उभ्या मोझेलचा.